बिनआवाजाची भाकरी

शुक्रवार पेठेतल्या त्या बोळात कुणाचा स्वयंपाक कुठवर आलाय, हे दानेश्वरीला घरात बसून कळायचं. बोळ अरुंद, भिंतीला भिंत लागलेली, आणि ज्वारीची भाकरी ही काही गुपचूप करायची वस्तू नाही. परातीत पहिली थाप पडली की चार घरांना वर्दी जाते. समोरच्या सिद्धेश्वरीची थाप भरभर आणि चिडकी. ती नवऱ्यावरचा राग पिठावर काढते, असं दानेश्वरीचं ठाम मत होतं. कोपऱ्यावरच्या घरात नवी सून आली होती. तिची थाप मध्येच थबकायची, म्हणजे भाकरी चिरली, आणि मग सासूचा आवाज यायचा. या सगळ्यात कान घालण्याचा दानेश्वरीला भारी नाद. तिचा नवरा शिवयोगी भुसार मालाचा व्यापारी, मोजकं बोलणारा माणूस, पण तोसुद्धा कधीमधी म्हणायचा, "तुला पोलिसात घालायला पायजे हुतं."

"घेतलं असतं तर गेले असते की," ती म्हणायची.

तर अशा बाईच्या कानातून हे सुटणं शक्यच नव्हतं, की शेजारच्या गुरम्माच्या घरातून भाकरीचा आवाज येईनासा झालाय.

गुरम्मा सत्तरीच्या पुढची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात ती आणि तिचा मुलगा मल्लेश, बँकेत नोकरीला, चाळिशी आली तरी लग्नाचं नाव न काढणारा. दोघांचा स्वयंपाक तो केवढा, पण आजवर तो आवाजासकट व्हायचा आणि दिवाळीनंतर गप्प झाला. आवाज नाही म्हणजे भाकरी नाही, हे कुणीही म्हणेल. दानेश्वरीनंही आधी तेच म्हटलं. म्हातारीची मनगटं सुजलेली, बोटं वाकडी व्हायला लागलेली, हे साऱ्या बोळाला ठाऊक होतं. विकत आणत असेल बिचारी. सोलापुरात कडक भाकरीची काय वाण आहे!

पण एका रविवारी मल्लेश कट्ट्यावर ताट घेऊन बसला होता, आणि त्याच्या ताटात कडक भाकरी नव्हती. चांगली मऊ, पापुद्रा सुटलेली, वाफ निघणारी ताजी भाकरी होती. दानेश्वरी भाजीवाल्याशी हुज्जत घालत उभी होती, ती भाव विसरली.

"काय मल्लेश, आज कोण आलंय का घरी? मावशीबिवशी?"

"न्हाय वैनी. आमच्याकडं कोण येतंय."

"मग भाकरी?"

"अव्वानं केली की," तो म्हणाला आणि पिठल्यात तुकडा बुडवून मोकळा झाला.

दानेश्वरीच्या डोक्यात किडा शिरला तो तिथं. सकाळपासून ती स्वयंपाकघरातच होती. मधली भिंत एका विटेची. पलीकडं चमचा पडला तर इकडं कळतो. आणि भाकरी झाली, ती भाजली गेली, ताटात आली, तरी एक थाप म्हणून ऐकू आली नाही?

आता ही नुसती नसती चौकशी असती तर चार दिवसांत विरून गेली असती. पण दानेश्वरीची स्वतःची गरज त्यात अडकली होती. श्रावणात तिच्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी कळ सुरू झाली, मग डाव्याच्या. दसऱ्याला पातेलं हातातून सुटून सगळी आमटी फरशीवर गेली. डॉक्टरांनी मनगटं इकडंतिकडं वळवून बघितली, पट्टा दिला आणि सांगितलं, पिळायचं नाही, आपटायचं नाही, एका हातानं वजन उचलायचं नाही.

"भाकरी?" तिनं विचारलं.

"थापणं म्हणजे आपटणंच झालं की, ताई," डॉक्टर म्हणाले. माणूस चांगला होता, चुकीचं काही बोलला नव्हता, तरी दानेश्वरीला त्याचा राग आला.

शिवयोगीनं घरी आल्यावर फार डोकं चालवलं नाही. "बाई लावू," म्हणाला. त्याचा पुतण्या सोमेश, त्याच्या ओळखीत एक सावित्रम्मा म्हणून होती, हात स्वच्छ, चवीला बरी. येळवशीचा सण झाला की दुसऱ्या दिवसापासून तिनं यायचं, असं काका-पुतण्यांनी फोनवर ठरवूनही टाकलं. ज्या घरात स्वयंपाक व्हायचा त्या घरातल्या बाईला शेवटी कळवलं, तेही हात धुताधुता.

बाई लावण्यात वाईट काही नाही, हे दानेश्वरीला कळत होतं. पण तिनं विजापूरला थोरल्या बहिणीचं घर पाहिलं होतं. बहीण सोफ्यावर बसायची आणि स्वतःच्याच स्वयंपाकघराकडं बघून हळूच विचारायची, "चहा टाकतीस का गं, टाईम असला तर?" त्या 'टाईम असला तर'ची दानेश्वरीला धास्ती बसली होती. तीस वर्षं या एका खोलीत तिचं राज्य होतं. कुठल्या डब्यात काय, कुठला बर्नर तिरका पेटतो, हे तिला अंधारातही माहीत. तिथं 'जरा बाजूला व्हा' म्हणणारं माणूस उभं राहिलं की आपण आपल्याच घरात पाहुणी. तिला ते नको होतं. अजिबात नको होतं.

"येळवशीच्या भाकरी मी केल्या तर?" तिनं विचारलं.

येळवस म्हणजे वेळा अमावस्या. मार्गशीर्षातल्या त्या दिवशी या भागातली घरंच्या घरं शेतात जातात. कडब्याची खोप करून पूजा करायची, उभ्या पिकाला नैवेद्य दाखवायचा आणि येईल त्याला पोटभर वाढायचं. शिवयोगीचं शेत वळसंगच्या शिवारात. डाळी-भाज्यांची भज्जी, ताकातली आंबील, कण्यांचे वाफवलेले उंडे आणि भाकरींची चळत शुक्रवार पेठेतून जायची, आणि ती चळत दानेश्वरीच्या हातची, यात कधी खंड पडला नव्हता.

शिवयोगीनं तिच्या हातावरच्या पट्ट्याकडं बघितलं. "तू केल्यास तर बाई नको. पर नंतर मनगट धरून रडायचं न्हाय."

"शब्द?"

"शब्द."

शब्द तर घेऊन ठेवला, आणि हातात गोळा दाबायचीही ताकद नाही. घर चाललं होतं खिचडीवर आणि विकतच्या कडक भाकरीवर. भिंतीपलीकडं मात्र तिच्याहून वाईट मनगटांची बाई रोज भाकरी करत होती. कशी?

दानेश्वरीनं तपास सुरू केला. पहिल्या दिवशी ती ऐन स्वयंपाकाच्या वेळी हिंग मागायला गेली. दाराला आतून कडी. "आंघोळ करायलीय गं," आतून आवाज आला. बरं. दुसऱ्या दिवशी लिंबू घेऊन गेली. कडी. "पूजेला बसलीय." ज्या बाईचं दार जन्मभर उघडं, जिच्या घरात मांजरंसुद्धा न विचारता शिरायची, तिला ऐन अकराच्या सुमाराला कडी लावायची काय गरज पडली?

मग गिरणीत गाठ पडली. गुरम्माचा ज्वारीचा डबा रांगेत होता, म्हणजे घरात पीठ लागत होतं, म्हणजे भाकरी घरातच होत होती. एवढं पक्कं झालं. आणि म्हातारी डबा घ्यायला वळली तेव्हा दानेश्वरीला तिच्या लुगड्याला मागच्या अंगाला पिठाचा पांढरा पट्टा दिसला.

"अव्वा, थांबा, मागं पीठ लागलंय," असं म्हणत तिनं झटकायला हात पुढं केला, तर गुरम्मा केवढ्यांदा दचकली.

"हितं बाकड्यावर बसले हुते," ती म्हणाली.

बाकड्यावर तर दानेश्वरी मघापासून स्वतः बसली होती. पण मोठ्या माणसाला खोटं पाडायचं कसं? घरी येऊन तिनं सरळ स्टीलचा पेला भिंतीला लावून त्याला कान लावला. याची तिला थोडी लाज वाटली. फार नाही.

पेल्यातून आधी पातेल्याचा आवाज आला. मग पाण्याचा. मग काहीतरी लाकडी सरकलं. मग गुरम्मानं सावकाश, स्पष्ट म्हटलं, "ॐ नमः शिवाय." मग एक कण्हणं. मग तव्यावर पाणी चरचरलं. थोड्या वेळानं पुन्हा तेच. लाकूड, ॐ नमः शिवाय, कण्हणं, चरचर. दानेश्वरीचे डोळे विस्फारले. म्हातारी मंत्रानं भाकरी करते की काय!

"मंत्रानं हुत असतं तर मी पेठेत कशाला बसलो असतो, मठातच दुकान टाकलं असतं," शिवयोगी जेवताना म्हणाला, आणि खिचडीत आणखी तूप ओतून घेतलं. त्याला खिचडीचा कंटाळा आला होता, पण तसं तो बोलत नव्हता. तो बोलत नव्हता याचंच दानेश्वरीला जास्त वाईट वाटलं.

येळवस जवळ येत चालली. एका सकाळी तिनं हट्टानं पट्टा सोडला, पीठ मळायला घेतलं आणि पहिल्याच दाबाला मनगटातून अशी कळ गेली की ती परातीसमोर बसून रडली. बाहेर सिद्धेश्वरीची थाप जोरात चालली होती. त्या दिवशी दानेश्वरीला तिचा भयंकर हेवा वाटला. मग तिनं डोळे पुसले, हिंग नाही, लिंबू नाही, रिकाम्या हातांनी शेजारी गेली आणि कडी लावलेल्या दाराशी उभी राहिली.

"अव्वा, मी दानेश्वरी. मला काय नको. माझा बी हात गेलाय."

आतलं पातेलं वाजायचं थांबलं.

"दोन्ही हात गेलेत. भाकर हुत न्हाय. येळवशीला न्हाय झाली तर माझ्या चुलीपुढं दुसरी बाई उभी राहणार. तुमी कशी करताय ते सांगा की. पाया पडते तुमच्या."

मग कडी निघाली. गुरम्मानं दार अर्धंच उघडलं, दानेश्वरीला दंडाला धरून आत ओढलं आणि पुन्हा कडी लावली.

"कुणाला बोलणार न्हाईस?"

"न्हाय."

"मल्लेशला तर मुळीच न्हाय. जेवायचा बंद हुईल तो."

स्वयंपाकघरात ओट्याजवळ एक बुटका, भक्कम चौरंग होता. गुरम्मानं पातेल्यावरचं झाकण काढलं. आत उकड. उकळत्या पाण्यात पीठ टाकून उलथन्यानं ढवळलेलं आणि झाकून ठेवलेलं. "मळायचं न्हाय," ती म्हणाली. "चहा पिऊन यायचं. तोवर ते आपलं आपण मऊ हुतं." तिनं चौरंगावर ओलं फडकं पसरलं, उकडीचा गोळा त्यावर ठेवला, वरून दुसरं ओलं फडकं घातलं. भिंतीशी एक पाट टेकवून ठेवला होता, जेवायला बसतात तसला, पण खालच्या पट्ट्या काढून सपाट केलेला. तो तिनं दोन्ही हातांनी, छातीशी धरून आणला आणि गोळ्यावर ठेवला. पाटावर कोरडं पीठ सांडलं होतं, तिनं लक्ष दिलं नाही. मग ती वळली, लुगडं सावरलं आणि पाटावर बसली.

"ॐ नमः शिवाय," गुरम्मा म्हणाली, कण्हली आणि उठली.

पाट उचलला. फडक्यात भाकरी तयार होती. गोल, सारखी, कडेला किंचित चिरलेली.

दानेश्वरीला हसू फुटलं. ती हसता हसता जमिनीवर बसली, पोट धरून हसली, आणि गुरम्माचा चेहरा बघून गप्प झाली. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"हास. हासण्यासारखंच हाय. अन्नावर बसते मी. आमच्या सासूनं बघितलं असतं तर घराबाहेर काढलं असतं. म्हणून तर त्याचं नाव घेते. म्हटलं, तुझं नाव घेऊन बसते, तू बघून घे."

"अव्वा, तसं न्हाय. मी लई दिवसांनी हासले," दानेश्वरी म्हणाली, आणि ते खरं होतं.

त्या दिवसापासून ती रोज कडीच्या आत जायला लागली. सिद्धेश्वरीनं विचारलं तर स्तोत्र शिकायला जाते, असं सांगितलं. सिद्धेश्वरीला ते पटलं नाही, पण तिला स्वतःच्या नवऱ्याचा राग पुरेसा होता. गुरम्माच्या घरात दानेश्वरीचं कुतूहल हरखून गेलं. तिथली एकेक वस्तू बघावी तेवढी थोडी. झाऱ्याच्या आणि उलथन्याच्या दांड्यांना जुन्या सुती साडीच्या पट्ट्या गुंडाळून त्या जाड केलेल्या, म्हणजे मूठ घट्ट आवळावी लागत नाही. पातेल्याखाली ओलं फडकं, म्हणजे ढवळताना ते फिरत नाही आणि दुसऱ्या हातानं धरावं लागत नाही. डब्यांची झाकणं नुसती वर टेकवलेली. मेथी चिरायची नाही, पानं खुडून तशीच टाकायची. भरलेलं भांडं उचलायचंच नाही, ओट्यावरून सरकवायचं आणि पाणी तांब्यातांब्यानं रिकाम्या भांड्यात घालायचं. शेंगाची चटणी कुटायची नाही, मिक्सर दोनदा गुर्र करून थांबवायचा, मग ती कुटल्यासारखी तेल सोडते. आणि जोर नसेल त्या दिवशी ज्वारीच्या कण्या कुकरला लावायच्या, ताक घालायचं, मिरची तळायची, की झालं. "ह्याला आमच्याकडं नुच्चू म्हणायचे. गरिबाचं खाणं म्हणून लोक लपवून खायचे," गुरम्मा म्हणाली. "आता मी सगळंच लपवून खाते."

दानेश्वरीनं माळ्यावरचा एक पाट काढला, सुताराकडून पट्ट्या काढून घेतल्या आणि आपल्या स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. पहिली भाकरी फडक्यालाच चिकटली. दुसरी एका अंगाला जाड झाली, कारण ती तिरकी बसली होती. तिसरी तव्यावर टम्म फुगली. तिला ओरडून साऱ्या बोळाला सांगावंसं वाटलं, पण कडीच्या आत ओरडता येत नाही.

शिवयोगी जेवायला आला. ताटात भाकरी बघून तो थांबला. मोडून वास घेतला, खाल्ली, दुसरी मागितली.

"मालदांडी ज्वारी हाय ना ही? आपल्या दुकानातलीच?"

"व्हय."

"हात बरा झाला म्हण की."

"बराय," दानेश्वरी म्हणाली. तिनं हात पदराखाली घेतला.

आठवडाभर असंच चाललं. तो मिटक्या मारत खायचा आणि तिला आनंद व्हायचा, आणि लगेच त्या आनंदात काहीतरी खुपायचं. तो बाहेरच्या खोलीत आंघोळ करून, कपाळाला भस्म लावून इष्टलिंगाची पूजा करत असायचा आणि इकडं कडी लावून ती पाटावर बसलेली. कुणाची चाहूल लागली की दचकून उठायची. एकदा तिनं आरशात पाठमोरं वळून बघितलं, साडीला मागं पीठ लागलंय का, आणि तिला गिरणीतली गुरम्मा आठवली. म्हातारी घाबरून जगत होती. स्वयंपाकघर तर राखलं होतं, पण चोरासारखं. दानेश्वरीला स्वयंपाकघर हवं होतं, कडी नको होती. शिवाय येळवशीचा नैवेद्य म्हणजे शेताच्या तोंडी घालायचा घास. तो लपवाछपवीचा कसा दाखवायचा?

येळवशीच्या दोन दिवस आधी जेवण झाल्यावर तिनं पाट आणून त्याच्यासमोर ठेवला आणि सगळं सांगितलं. गुरम्माचं नाव तेवढं घेतलं नाही.

शिवयोगीला समजायला वेळ लागला. "म्हणजे गोळा खाली... आणि तू वर..."

"बसते."

"अन्नावर?"

"अन्नावर न्हाय. पाटावर. अन्न फडक्यात असतंय, फडकं पाटाखाली असतंय."

"ते एकच झालं!" त्याचा आवाज चढला. "आठवडा झाला मी हे खातोय? बोलायला काय झालं हुतं आधी?"

"बोलले असते तर खाल्लं असतं तुमी?"

त्यानं पाट लांब सरकवला. दानेश्वरीच्या आतून मात्र धरून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं. "तीस वर्सं थापून घातली तवा कुणी बघितलं न्हाय हाताकडं. हात गेला तवा सगळ्यांना दिसला, आन लगेच माणूस बदलायला निघालात. मनगट गेलंय माझं. मी न्हाय गेले. पाठ हाय, वजन हाय, डोकं हाय. जे शिल्लक हाय त्यानं करते. पटत नसंल तर आना तुमची सावित्रम्मा."

शिवयोगी उठला, चपला घातल्या आणि दुकानात निघून गेला.

रात्री तो जेवायला बसला आणि म्हणाला, "भात वाढ." दुसऱ्या दिवशीही भातच. भाकरीचा विषय नाही, बाईचा विषय नाही. दानेश्वरीनं आंबिलीला पीठ भिजवलं, भज्जीच्या डाळी निवडल्या, उंड्यांची कणी काढून ठेवली. हात चालले होते, पण मन बसलं होतं. हरलो आपण, तिला वाटलं. खरं बोलायची अवदसा सुचली आणि घर गेलं.

येळवशीच्या पहाटे ती उठली, आंघोळ केली आणि चुलीपुढं आली. स्वयंपाकघराचं दार तिनं उघडंच ठेवलं. आता लपवायचं कुणापासून? उकडीचं मोठं पातेलं सरकवत चौरंगाजवळ आणलं, फडकी भिजवली, तवा तापत ठेवला. बसायचं, उठायचं, भाकरी तव्यावर सोडायची, पाणी फिरवायचं, उलटायची, पुन्हा बसायचं. दोघांपुरत्या भाकरींना हे ठीक होतं. इथं चळत करायची होती. थोड्या भाकरी झाल्या आणि तिचे गुडघे बोलायला लागले. ती बसली की तव्यावरची करपायची, तव्याशी थांबली की गोळा वाळायचा. अजून परातभर पीठ पडलं होतं. दम लागून ती ओट्याला टेकली.

दारात शिवयोगी उभा होता. पूजा आटोपलेली, कपाळावर भस्म ओलं, अंगावर धुतलेलं धोतर. तो किती वेळ उभा होता कोण जाणे.

"दोन दिवस दुकानात बसून बघत हुतो," तो म्हणाला.

"काय?"

"गिऱ्हाईक आलं की मी म्हणतो, बसा. कशावर बसतंय ते? ज्वारीच्या पोत्यावर. मी बसतो, हमाल बसतात, माझे वडील त्याच पोत्यावर बसून जेवायचे. जल्मभर त्या ज्वारीवर बसलो आणि तीच ज्वारी गावाला खाऊ घातली. कधी मनात आलं न्हाय." तो थांबला. त्याला बोलायची सवय नव्हती, एवढ्यानंच तो घामाघूम झाला होता. "तुझ्यावर कशाला चिडलो, काय की."

दानेश्वरीला रडू आलं, पण तवा तापला होता. "मग आता?"

"आता काय. तू तव्यापाशी थांब." तो आत आला आणि चौरंगाशी अदबीनं उभा राहिला, लग्नात पाटावर बसवायला आणलेल्या नवरदेवासारखा. "किती वेळ बसायचं असतंय?"

"एक ॐ नमः शिवाय म्हणेपर्यंत."

तिनं गोळा ठेवला, फडकं घातलं, त्यानं पाट ठेवला आणि नाव घेऊन अंग सोडून दिलं. पाट उचलला तर भाकरी चौरंगाच्या कडेपर्यंत पसरलेली, पापडाहून पातळ, आरपार दिसणारी.

"अहो, जरा हलकं बसा की!"

"हलकं कसं बसायचं? एकतर बसतंय माणूस, न्हाय तर उठतंय."

"हात टेकून बसा."

पुढच्या वेळी तो तळवे टेकून, श्वास रोखून, अर्धा अधांतरी बसला, आणि भाकरी नेमकी उतरली. दानेश्वरीनं ती फडक्यासकट तव्यावर उलटवली, फडकं सोडवलं, वर पाणी फिरवलं. भाकरी फुगली तशी शिवयोगीनं मान वाकडी करून बघितलं. दुकानात हजार पोती बघितलेल्या माणसाला भाकरी फुगताना बघायचं जन्मात सुचलं नव्हतं. "आतनं वारं कुटनं येतंय गं?" त्यानं विचारलं. ती सांगत गेली, तो विचारत गेला. पाणी का फिरवायचं, उलटायची कधी हे कळतं कसं, पहिलीच का चिकटते. बसा म्हटलं की तो बसायचा, उठा म्हटलं की उठायचा. टोपलीत चळत चढत चालली.

फोन वाजला तेव्हा तो पाटावर होता. त्यानं बसल्याबसल्याच कानाला लावला. पलीकडं सोमेश होता. आवाज मोठा, दानेश्वरीला सगळं ऐकू येत होतं.

"काका, आमी निघालोय शेताकडं. सावित्रम्माला उद्यापासनं या म्हणू ना?"

"नको."

"का? काकूंचा हात?"

"हात तसाच हाय," शिवयोगी म्हणाला. "पर माणूस मिळालं आमाला."

"कोण हो?"

"घरचंच हाय. नवं हाय अजून. तुझी काकू शिकवायलीय."

"अहो, उठा आता, पातळ हुईल!" दानेश्वरी तव्यापाशी ओरडली, आणि तो फोन कानाला तसाच धरून उठला.